झाकण बदललेला डबा

आमच्या क्लबात मला नेमबाज म्हणून कुणी ओळखत नव्हतं. छर्रे शोधून आणणारा माणूस म्हणून ओळखायचे. दहा मीटर एअर रायफल हा खेळ बाहेरून फार शांत दिसतो, पण आत शिरलं की सगळी बोलणी शेवटी छर्‍यांवर येतात. कुठला चांगला, कुठे मिळतो, केवढ्याला पडतो. देशी डबा स्वस्त, पण त्यातला छर्रा कुठे जाईल त्याचा भरवसा नाही. परदेशी डबा नेमका, पण महाग, आणि आला तर आला. बरं, कंपनी तीच, नाव तेच, तरी एका वेळी पाडलेला माल दुसर्‍या वेळच्या मालासारखा नसतो. भज्यांचा जसा घाणा, तसा छर्‍यांचा लॉट. एका रायफलीला एक लॉट मानवतो, दुसरीला मानवत नाही. का, ते मला इतकी वर्षं होऊनही सांगता येत नाही.

मी चांगला लॉट शोधायचो, आणि परवडेल अशा भावात. ऑफिस सुटल्यावर दुकानदारांना फोन, ग्रुपवर विचारपूस, कुणी खेळ सोडला की त्याच्याकडचे उरलेले डबे. आणलेला लॉट मी आधी स्वतः मारून बघायचो आणि मग सांगायचो, चालेल किंवा चालणार नाही. माझ्या शब्दावर क्लबात पुन्हा कुणी तपासत बसायचं नाही. तसा रिवाजच पडला होता. छर्रे महाग, तपासण्यात घालवायचे कशाला? काकांनी बघितलेत ना, मग झालं.

त्या रिवाजाचा मी काय उपयोग केला, ते आता लिहितोय. दोन वर्षं लिहिलं नाही. बोललोही नाही.

आमची रेंज भाईंदर पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात. खालच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात. आठवडाभर जमीन थरथरत असते. रविवारी मशिनं बंद, आणि मग एवढी शांतता होते की भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवावं लागतं. खिडकीतून मिठागरं दिसतात. दुपारच्या उन्हात ती इतकी पांढरी होतात की निशाण्यावरून नजर काढून तिकडे बघितलं तर थोडा वेळ काहीच दिसत नाही.

क्लबच्या तीन नंबरच्या रायफलीवर आम्ही दोघं मारायचो. सकाळी ती, रविवारी दुपारी मी. ती म्हणजे मोरव्याची एक कोळ्यांची मुलगी, तेव्हा पंचविशीची. वडील बोटीवर जायचे, ते वारल्यानंतर घरात आई आणि ही. स्वतःची रायफल घेण्याची ऐपत नव्हती, आणि तिला त्याचं काही वाटायचंही नाही. हात मात्र असा होता की आमचे सर तिच्यामागे उभे राहून नुसते बघत बसायचे. सर रेल्वेतून निवृत्त झालेले, कुणाचं कौतुक करण्यात वेळ घालवणार नाहीत. तिला एवढंच म्हणायचे, "श्वास घे गं मधे मधे. मरशील."

तिला त्या वर्षी राज्य स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेला पात्र व्हायचंच होतं. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला अर्ज करायचा तर राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र लागत होतं, आणि वयाची अट पुढच्या वर्षी संपत होती. हे क्लबात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

स्पर्धेच्या महिनाभर आधी बाजारात छर्रेच नव्हते. माल बंदरात अडकलाय, असं जो तो दुकानदार सांगायचा. तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी टाकलं की वरसाव्याला एक म्हातारे नेमबाज वारलेत, त्यांचं सामान घरचे काढून टाकतायत. मी सुट्टी टाकून गेलो. घोडबंदर रोडपासून आत, खाडीच्या बाजूला बैठं घर. त्यांच्या सूनबाईंनी दोन डबे आणून दिले, सीलबंद. जुनी किंमत वर छापलेली होती, तेवढीच घेतली.

मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "रोज मारायचे का?"

"रोज. जेवण झालं की मागच्या पडवीत." त्यांनी मागच्या दाराकडे मान केली. "आवाज येतो अजून. टक्... टक्. मिस्टर म्हणतात, तुझ्या कानाला सवय झालीय. असेल."

दार बंद होतं. आम्ही दोघांनीही तिकडे कान दिला. मग मी डबे पिशवीत टाकले आणि निघालो.

रविवारी एका डब्याचं सील फोडून मी दहा छर्रे मारले. कागदावर दहा भोकं व्हायला हवीत. एकच झालं, त्याच्या कडा जराशा कुरतडल्यासारख्या. मी काही मोठा नेमबाज नाही. असं माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. पुन्हा दहा मारले. पुन्हा तेच. छर्रा आपल्याआपण जाऊन बसतोय आणि मी फक्त चाप दाबायला आहे, असं वाटत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. अंगावर काटा आला.

सरांनी कागद उजेडात धरला. "कुठून आणलास?"

"वरसाव्याहून. दोनच आहेत."

ती तिथेच होती, जॅकेटचे पट्टे सोडत. "काका, एक मला," ती म्हणाली. "न्हाय म्हणायचं न्हाय."

"तुझ्यासाठीच आणलेत," मी म्हणालो. सरांच्या देखत म्हणालो.

माझी एक सवय सांगायला हवी. घरी डायनिंग टेबलवर मी काच टाकून छर्रे निवडायचो. काच किंचित कलती ठेवायची, छर्रा सोडायचा. चांगला असेल तर एका लयीत सरळ घरंगळत जातो. ज्याची कड दबलेली, ज्याचं डोकं वाकडं, तो डुगडुगतो आणि बाजूला पडतो. डुगडुगणारे मी एका जुन्या डब्यात टाकत जायचो. फेकवत नसत. शिसं आहे, कधीतरी लागेल. पाच-सहा वर्षांचा, वेगवेगळ्या लॉटचा, नाकारलेला माल त्या डब्यात साठला होता. डबा त्याच कंपनीचा. लॉटचा नंबर असतो तो झाकणावर.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी, दुपारी, बायको बहिणीकडे गेलेली असताना, मी दोन्ही नवे डबे समोर घेऊन बसलो. एक माझा, एक तिचा; निवडून देतो म्हणून तो अजून माझ्याकडेच होता. माझीही ज्येष्ठांच्या गटातली स्पर्धा पुढच्या आठवड्यात होती, आणि त्यात माझं काहीही अडलेलं नव्हतं. पण डबे आणल्यापासूनच्या दोन आठवड्यांत मी असे आकडे मारले होते की सरांनी माझ्याही मागे उभं राहायला सुरुवात केली होती. पन्नाशी ओलांडल्यावर कुणी आपल्यामागे उभं राहून बघणं, याची किती भूक असते ते मला तोवर माहीत नव्हतं. एक डबा किती दिवस पुरेल, मग काय, एवढंच डोक्यात होतं.

मी तिच्या डब्याचं झाकण काढलं आणि नाकारलेल्या डब्यावर बसवलं. व्यवस्थित बसलं. सगळी झाकणं सारखीच असतात. मग कडेने चिकटपट्टी लावली, प्रवासात सांडू नयेत म्हणून लावतात तशी.

मनाशी मी म्हणत होतो की तिचा हात एवढा चांगला आहे, तिला काय फरक पडतो. हे खरं वाटत नव्हतं, तरी म्हणत होतो. छर्‍याने फरक पडत नाही असं मला वाटत असतं, तर मी ते झाकण बदललंच नसतं.

दुसर्‍या दिवशी मेट्रोच्या खांबाखाली तिने स्कूटर थांबवली आणि डबा घेतला. पैसे काढायला लागली, तर मी म्हणालो, राहू दे, भेट समज. तिने डबा कपाळाला लावला. देवाचा प्रसाद घेतात तसा. मी रस्त्याकडे बघत होतो.

"तपासले ना काका?"

"तपासलेत."

तिने तपासले नाहीत. कशाला तपासेल?

राज्य स्पर्धेला मी गेलो नाही. संध्याकाळी सरांचा फोन आला. साठ शॉट्समध्ये ती पात्रतेला दीड गुणाने हुकली होती; हल्ली गुण दशांशात मोजतात. सुरुवातीपासून तिचे मधूनमधून दहाऐवजी नऊ जात होते, जे तिचे कधी जात नसत. शेवटच्या दहात एक तर आठावर गेला, अगदी डावीकडे. "घाबरली पोरगी," सर म्हणाले. "हात थरथरला असणार. मोठ्या मॅचमध्ये होतं असं." मी हं म्हणालो.

ती चार दिवसांनी क्लबात आली, रायफल जमा केली. माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. "काका, डबा तुम्ही दिला सोन्यासारखा, आनि मी काय केलं बघा." एवढं म्हणून ती हसली. नंतर ती यायची बंद झाली.

माझी स्पर्धाही झाली. मी बरा खेळलो. कितवा आलो ते सांगण्यासारखं नाही.

त्यानंतरचं लिहिताना मला जरा संकोच वाटतो, कारण मी हिशेबनीस माणूस आहे, असल्या गोष्टी मानणार्‍यांतला नाही.

आधी छर्रे सापडायला लागले. नेमबाजाच्या घरात छर्रे सापडतातच, खिशात, धुण्यात, गादीखाली. पण हे ऑफिसच्या बुटात सापडले, बंद पाकिटातल्या पासबुकात सापडला एक. मी सवयीने काचेवर सोडून बघायचो. डुगडुगायचा. दुसरा सापडला, तोही डुगडुगला. दहा-बारा झाले असतील तोवर, त्यांतला एकही सरळ गेला नाही. नाकारलेला डबा तर मी तिला देऊन बसलो होतो. घरात उरलेला माल निवडलेला, चांगला होता.

मग एका दुपारी मी आतल्या खोलीत पडलो होतो. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "जेवून उठल्या उठल्या काय ते तुझं सुरू झालं? जरा पडू दे ना शांत."

"काय सुरू झालं?"

"ते काचेवरचं. घरंगळतंय कधीचं."

मी उठून बाहेर आलो. ती मला बघून थबकली, मग टेबलाकडे बघितलं. टेबलावर काच नव्हती. काच मी कपाटाच्या मागे उभी करून ठेवली होती, महिना झाला होता. "मग वरच्यांकडे असेल," ती म्हणाली. वरचा फ्लॅट बंद आहे, हे तिलाही माहीत होतं.  त्यानंतर दुपारी ती टीव्ही लावून ठेवायला लागली, बघत नसली तरी.

आणि रेंजवर माझा एक छर्रा डावीकडे जायला लागला. दर दहात एक. तीन नंबरची तीच रायफल, वरसाव्याचा तोच लॉट. नऊ एका भोकात, एक आठावर, अगदी डावीकडे. आधी मला वाटलं, डोळा. चष्मा बदलला. मग वाटलं, रायफल. सर म्हणाले, "चल, वाइसमध्ये लावू." वाइस म्हणजे रायफल पकडून ठेवणारा लोखंडी शिकंजा. त्यात माणसाच्या हाताचा प्रश्न येत नाही, रायफल आणि छर्रा काय करतात तेवढंच दिसतं. त्यात वीस मारले. एक भोक. रायफल ठीक, छर्रा ठीक. मी खांद्याला लावली की नऊ एका जागी, आणि एक तिच्या जागी.

कागदावर तिची जागा कुठली, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. सरांनी फोनवर नुसतं डावीकडे म्हटलं होतं. तरी ते भोक बघितलं की मला माहीत असायचं, इथेच.

दोन वर्षं हे चाललं. मी खेळ सोडला असता तर सुटलो असतो, असं वाटेल. तीनदा सोडला. त्या काळात छर्रे बुटात सापडायचे.

गेल्या महिन्यात माझ्या शुगरच्या तपासणीसाठी लॅबवाल्यांना फोन केला. सकाळी सातला बेल वाजली, दारात ती. निळा कोट, हातात नमुन्यांची पेटी. आता ती या लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घेते.

"अरे काका!" ती म्हणाली. "मीरा रोडचा पत्ता बघून वाटलंच होतं. बसा, हात सैल सोडा. शूटिंग चालूय ना?"

सुई कधी गेली ते कळलं नाही. एवढा स्थिर हात. कापूस दाबून धरत ती म्हणाली, "मला विचारतात लोक, तुझा हात इतका हलका कसा? मी सांगते, कसला हलका, भित्रा हाय. मोठ्या ठिकाणी थरथरतो."

मी सांगितलं. कापूस तसाच धरून, सगळं. झाकण, चिकटपट्टी, दुपार, कारण. बायको आत चहा टाकत होती, तिने गॅस बंद केल्याचं मला ऐकू आलं.

 तिने नळी पेटीत ठेवली, नाव लिहिलं, वेळ लिहिली. मग म्हणाली, "तुमच्या चांगल्या डब्यातून किती मेडलं आली?"

"एकही नाही."

"एक पन न्हाय?" ती खरोखरच आश्चर्याने म्हणाली. "मग घेतला कशाला?"

 ती दाराशी जाऊन वळली. "तो डबा हाय माझ्याकडं. अर्ध्याच्या वर भरलेला. तुम्ही दिलेला म्हनून ठेवला. मला बघायचंय, माझा हात होता का तुमचा छर्रा. रविवारी सरांना सांगा."

रविवारी आम्ही तिघंच होतो. सरांना मी जिन्यातच सांगून टाकलं. माझ्यासाठी धरून ठेवलेलं दार त्यांनी सोडून दिलं. खालची मशिनं बंद होती. मिठागरं पांढरी फटक. तीन नंबरची रायफल वाइसमध्ये घट्ट बसवली, आणि ती स्वतः तिच्या डब्यातून एकेक छर्रा उचलून भरायला लागली. साठ. स्पर्धेत असतात तेवढेच. आम्ही दोघं मागे उभे.

लोखंडात पकडलेल्या रायफलीने मारलेले छर्रे कागदभर फुटले. नऊ, आठ, दहा, सात, पुन्हा आठ. एक तर निशाण्याच्या काळ्या गोलाच्या पार बाहेर. साठ झाले तेव्हा सरांनी सगळे कागद गोळा केले, टेबलाशी बसले, गुण लावले. मग पुन्हा लावले. त्यांच्या मोबाइलमध्ये तिच्या त्या दिवसाच्या स्कोअरशीटचा फोटो होता, तो काढून शेजारी ठेवला. बराच वेळ ते नुसते दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिले.

"सर, काय?" तिने विचारलं.

"हे होऊ शकत नाही," सर म्हणाले. "वाइसपेक्षा चांगलं कुणी मारू शकत नाही. हेच छर्रे, हीच रायफल. याच्यावर जास्तीत जास्त एवढे गुण होतात." त्यांनी कागदांवर बोट ठेवलं. "तू त्या दिवशी यापेक्षा चाळीसने जास्त मारलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही गं."

 वाकडे छर्रे, त्यांना सरळ जाता येत नाही, आणि तरीही त्या दिवशी साठातले बहुतेक तिने दहात नेले होते, उरलेले नऊत. जो एक डावीकडे गेला, तो तेवढाच एक तिच्या हातून निसटला होता. बाकीचे वाकडे असूनही वाकडे गेले नव्हते. 

"मग मी चांगली व्हते," ती म्हणाली. प्रश्न नव्हता.

"माझ्या उभ्या आयुष्यात बघितली नाही अशी," सर म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

तिने मोबाइलवरचा फोटो स्वतःच्या फोनवर घेतला. कागद नको म्हणाली. माझ्याकडे वळली तेव्हा मला वाटलं, आता बोलेल. बोलली तीही, अगदी सहज, रक्त घेताना बोलायची त्याच आवाजात.

"दोन वर्षं मी आईला सांगतेय, माझ्यात दम न्हवता. ती पन तेच सांगते सगळ्यांना. आता तुम्ही चला मोरव्याला, आनि तिला सांगा. माझ्यासमोर सांगा. मी न्हाय सांगनार."

"आता?"

"मग कधी? मला चारला चेणे गावात एकाचा नमुना घ्यायचाय. त्याच्या आत."

सरांनी दिवे बंद केले. ती पुढे जिना उतरत होती. मी तिच्यामागून उतरायला लागलो.